स्वतः बांधलेल्या मैदानावरचा शनिवार

बर्लिनचं वार्तापत्र

शनिवारी दुपारी साडेतीनला जर्मनीत काय चाललेलं असतं, हे इथं कुणाला विचारावं लागत नाही. बुंडेसलिगा या फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचे बरेचसे सामने कित्येक दशकं याच वेळेला सुरू होत आले आहेत. कुणी मोटार चालवत असतो, कुणी बागेतलं गवत कापत असतो, कुणी तळघरात सायकल उघडून बसलेला असतो, आणि शेजारी रेडिओ चालू असतो. एकाच वेळी निरनिराळ्या मैदानांवर निवेदक बसलेले असतात. कुठं गोल झाला की तिथला निवेदक दुसऱ्याचं बोलणं तोडून मध्येच ओरडतो आणि ऐकणारा हातातलं काम थांबवतो. संध्याकाळी 'श्पोर्टशाऊ' लागतो. १९६१ पासून चालत आलेला हा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम बघत अनेक घरांत जेवणाची तयारी होते.

जर्मनीविषयी आपल्याकडं जे लिहिलं जातं, त्यात मोटारी, यंत्रं आणि विद्यापीठं असतात. मला हा समाज कळायला लागला तो बर्लिनच्या आग्नेय टोकाला, झाडीच्या कडेला असलेल्या एका लहानशा फुटबॉल मैदानावर. तिथं येणारा माणूस मालकाच्या हक्कानं येतो. तो क्लबचा सदस्य असतो, त्याला मत असतं, आणि या एका मैदानापुरतं बोलायचं तर ते त्याच्यासारख्याच माणसांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं आहे. आज त्याबद्दलच लिहितो.

मैदानाचं नाव 'आन डेअर आल्टन फ्योर्स्टराय', म्हणजे जुन्या वनरक्षकाच्या घराजवळचं. क्लब उनिओन बर्लिन. वस्ती क्योपेनिक. पूर्वी हे स्वतंत्र गाव होतं, १९२० मध्ये ते बर्लिन शहरात आलं. एका गोष्टीसाठी हे गाव जर्मनीभर प्रसिद्ध आहे. १९०६ च्या ऑक्टोबरात विल्हेल्म फोइग्ट नावाच्या एका चांभारानं लष्करी कॅप्टनचा जुना गणवेश अंगात चढवला, रस्त्यातल्या सैनिकांना हुकूम देऊन सोबत घेतलं, थेट नगरपालिकेत शिरला, महापौराला अटक केली आणि तिजोरीतली रक्कम घेऊन निघून गेला. गणवेश दिसला की मान खाली घालायची, या सवयीवर तेव्हा सारा देश हसला. उनिओनची मुळं ज्या जुन्या क्लबात सापडतात, तोही त्याच १९०६ सालचा, शेजारच्या ओबरश्योनवायडे या कारखान्यांच्या वस्तीतला. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही, पण उनिओनचे लोक वरच्यांचा हुकूम किती मानतात हे बघितलं की मला तो चांभार हमखास आठवतो.

सामन्याच्या दिवशी क्योपेनिक स्टेशनावर लोकलमधून उतरलं की वाट विचारायची गरज पडत नाही. लाल-पांढऱ्या मफलरांची रांग लागलेली असते. तिच्यात सत्तरीतली माणसं असतात, खांद्यावर बसलेली पोरं असतात, क्लबची बोधचिन्हं शिवलेली बिनबाह्यांची जीनची जाकिटं घातलेल्या बायका असतात. बर्लिनमध्ये रस्त्यावर बिअर पिण्याला बंदी नाही, त्यामुळं बाटल्या उघडलेल्या असतात. रिकामी बाटली मात्र कुणी भिरकावत नाही. प्रत्येक बाटलीवर काही सेंट अनामत असते. दुकानात परत दिली की ते पैसे मिळतात. लोक रिकाम्या बाटल्या झाडाच्या बुंध्याशी, भिंतीच्या कडेला उभ्या करून ठेवतात. मोठ्या पिशव्या घेऊन फिरणारी माणसं त्या गोळा करतात. त्यांत निवृत्तीवेतन पुरत नाही असे म्हातारे असतात आणि नुकतेच परदेशातून आलेलेही असतात. श्रीमंत म्हणवणाऱ्या या देशातली गरिबी मला पहिल्यांदा याच वाटेवर दिसली. बाटली त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवण्याची इथल्या गर्दीची रीतही इथंच दिसली.

वाटेचा शेवटचा भाग झाडांमधून जातो. कोळशावर भाजलेल्या सॉसेजचा धूर आधी येतो, मग मैदान दिसतं. मुख्य स्टँड लाल विटांचा आहे. लांबून तो जुन्या कारखान्यासारखा वाटतो, आणि तसा तो दिसावा हीच इच्छा होती. या भागातल्या विजेच्या तारांच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत जे राबले, त्यांचा हा क्लब. त्यावरूनच 'आयझर्न उनिओन', म्हणजे लोखंडी उनिओन, ही आरोळी आली. निवेदक अर्धं वाक्य म्हणतो आणि उरलेलं सगळं मैदान पुरं करतं. बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, लग्नातही लोक एकमेकांना 'आयझर्न' म्हणून नमस्कार करताना मी ऐकलं आहे.

या मैदानात २२,०१२ माणसं मावतात आणि त्यांतल्या फक्त ३,६१७ जणांना बसायला खुर्ची आहे. बाकीचे सगळे उभे. तीन बाजूंना पायऱ्या आणि मधेमधे टेकायला लोखंडी कठडे, एवढीच व्यवस्था. यामागं एक इतिहास आहे. १९८९ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून लिव्हरपूलच्या पाठीराख्यांचे बळी गेले. मृतांचा आकडा पुढं ९७ झाला. त्यानंतर इंग्लंडनं वरच्या विभागांच्या मैदानांवर उभ्याच्या जागा काढून टाकल्या आणि तिथली तिकिटं हळूहळू कामगाराच्या हाताबाहेर गेली. जर्मनीनं उभ्याच्या जागा राखल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर आजही जवळपास २५,००० माणसं उभी राहतात. उभ्याच्या जागेत जास्त माणसं मावतात, म्हणून तिकीट स्वस्त ठेवता येतं. इथं ते पंधरा-वीस युरोंच्या घरात मिळतं. बर्लिनमध्ये दोघांनी साधं जेवण बाहेर घेतलं तरी याहून जास्त खर्च येतो.

उभं राहण्यानं आणखी एक गोष्ट होते. तुमची जागा ठरलेली नसते, पण काही महिन्यांत ती ठरून जाते. माझ्या शेजारी एक निवृत्त कामगार उभे असतात. तरुणपण तारांच्या कारखान्यात गेलं, बर्लिनची भिंत पडल्यावर कारखान्यातली नोकरी गेली, मग मिळेल ते काम केलं. सुरुवातीला ते मला फक्त मान हलवून ओळख देत. पुढं एका हिवाळ्यात त्यांनी मला पायाखाली पुठ्ठा ठेवायला शिकवलं. सिमेंटमधून गारठा थेट हाडांत चढतो आणि एक पुठ्ठा असला तर नव्वद मिनिटं निभावतात. जर्मन माणूस पटकन जवळ येत नाही, असं आपल्याकडं म्हणतात. ते खरं आहे. पण एकदा तुम्ही रोजच्या जागेवरचे झालात, की तुम्ही आला नाहीत तर तो विचारपूस करतो.

सामन्याआधी संघ जाहीर होतो. निवेदक प्रत्येक खेळाडूचं नाव घेतो आणि सगळे एका आवाजात 'फुसबालगॉट', म्हणजे फुटबॉलचा देव, असं ओरडतात. गोल करणाऱ्यासाठी ओरडतात आणि गेल्या सामन्यात ज्याच्या चुकीमुळं हरलो त्याच्यासाठीही तितक्याच जोरानं ओरडतात. मग निना हागेन या बर्लिनच्या गायिकेनं गायलेलं क्लबगीत लागतं, मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरले जातात. कुठं लिहिलेले नसले तरी इथं दोन नियम आहेत. आपल्या खेळाडूविरुद्ध शिट्टी मारायची नाही. शेवटची शिट्टी होईपर्यंत जायचं नाही. चार गोलांनी हरत असलो तरी पायऱ्या भरलेल्या राहतात आणि गाणं चालू राहतं. मी पाहिलेल्या बाकीच्या मैदानांवर ऐंशीव्या मिनिटाला लोक पार्किंगकडं धावू लागतात, म्हणून मला हे फार मोलाचं वाटतं. खेळाडूला इथं घरच्या मुलासारखं धरतात, आणि घरच्या मुलाला चारचौघांत कुणी हिणवत नाही.

एका कोपऱ्यात अजून जुना गुणफलक आहे. गोल झाला की माणूस हातानं आकडा बदलतो.

आता इतिहासाकडं वळतो, कारण त्याशिवाय या गर्दीचा स्वभाव कळणार नाही. आजच्या नावाचा क्लब २० जानेवारी १९६६ ला पूर्व जर्मनीत स्थापन झाला. तिथं क्लब सरकारी आदेशानं निघत आणि प्रत्येकाच्या मागं कुठली ना कुठली सत्ता असे. बर्लिनमधला बीएफसी डायनॅमो हा गुप्त पोलीस खात्याचा, म्हणजे 'श्टाझी'चा, लाडका क्लब. त्या खात्याचा प्रमुख एरिश मील्के त्याच्या पाठीशी होता आणि १९७९ ते १९८८ अशी सलग दहा विजेतेपदं त्या क्लबनं घेतली. उनिओनचे चांगले खेळाडू तिकडं जात आणि पंचांचे निर्णय कुणाच्या बाजूनं झुकतात हे सगळ्यांना दिसत असे. उनिओन खालच्या विभागात पडे, पुन्हा वर येई, पुन्हा पडे. त्या काळातली एकच मोठी कमाई म्हणजे १९६८ चा राष्ट्रीय चषक. अंतिम सामन्यात येनाच्या संघाला २-१ नं हरवलं. त्या जोरावर युरोपात खेळायला मिळणार होतं, पण त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत फौजा प्रागमध्ये शिरल्या, स्पर्धेच्या सोडतीवरून पूर्व-पश्चिम असा वाद पेटला आणि पूर्व जर्मनीनं आपले संघ मागं घेतले. उनिओनला घरीच बसावं लागलं.

उनिओनचे सगळे पाठीराखे राजवटीचे विरोधक होते, असं आता हौसेनं सांगितलं जातं. माझे शेजारी ते मानत नाहीत. ते म्हणतात, बहुतेकांना फक्त शनिवारी मोकळेपणी ओरडायचं होतं, आणि त्या देशात तेवढंही पुष्कळ होतं. मला हे म्हणणं पटतं. जिथं सभा, वर्तमानपत्रं, संघटना सगळं वरून चालतं, तिथं हजारो माणसं एकत्र उभी राहून आपल्या मनाचं गाऊ शकतात ही जागा लहान नव्हे. भिंत पडल्यावर काही आठवड्यांत, २७ जानेवारी १९९० ला, पश्चिम बर्लिनच्या हेर्टा या क्लबशी मैत्रीचा सामना झाला. सुमारे ५०,००० माणसं ऑलिंपिक मैदानावर जमली आणि दोन्हीकडची मंडळी एकत्र गायली. पुढं ही मैत्री टिकली नाही. २ नोव्हेंबर २०१९ ला बुंडेसलिगात हे दोन क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले, तेव्हा मैदानावर अग्निबाण आले, सामना थांबवावा लागला आणि शेवटी सेबास्टियान पोल्टरच्या पेनल्टीवर उनिओन १-० नं जिंकला.

एकीकरणानंतर पूर्वेकडच्या कारखान्यांचं जे झालं तेच क्लबांचंही झालं. पैसा नाही, प्रायोजक नाहीत, चांगले खेळाडू पश्चिमेकडं. २००१ मध्ये उनिओन तिसऱ्या विभागात असतानाही राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि शाल्केकडून हरला. पण २००४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या तोंडाशी होता. खेळायचा परवाना टिकवण्यासाठी १४ लाखांहून अधिक युरो हमी म्हणून दाखवायचे होते. तेव्हा पाठीराख्यांनी 'उनिओनसाठी रक्त' ही मोहीम काढली. बर्लिनमध्ये रक्तदात्याला थोडी भरपाई मिळते. लोक रक्त द्यायला गेले आणि मिळालेले पैसे क्लबच्या खात्यात टाकले. शिवाय देणग्या, कार्यक्रम, मिळेल ते. परवाना राहिला. त्याच वर्षी डिर्क त्सिंगलर हे लहानपणापासूनचे पाठीराखे क्लबचे अध्यक्ष झाले.

आणि मग मैदान. जुन्या पायऱ्यांचं सिमेंट फुटलं होतं, भेगांतून गवत उगवलं होतं, आणि अशा अवस्थेत इथं व्यावसायिक सामने भरवू देणं आणखी चालणार नव्हतं. नवं बांधायला पैसा नव्हता. तेव्हा क्लबनं आपल्याच लोकांना हाक दिली. २००८ च्या उन्हाळ्यापासून २००९ च्या उन्हाळ्यापर्यंत दोन हजारांहून अधिक माणसांनी मिळून सुमारे १,४०,००० तास फुकट काम केलं. गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होते, तसेच शिक्षक, बेकार, विद्यार्थी, पेन्शनर होते. कुणी रजा काढून आलं, कुणी रात्रपाळी करून सकाळी इथं हजर झालं. ज्याला हातकाम येत नव्हतं तो माती वाहायचा किंवा सगळ्यांसाठी रस्सा शिजवायचा. त्या वर्षी घरचे सामने प्रेन्त्सलाउअर बेर्गच्या यान-श्पोर्टपार्कवर खेळावे लागले, म्हणजे पूर्वी डायनॅमोचं घर असलेल्या मैदानावर. परक्या घरी राहून संघानं तिसरा विभाग जिंकला आणि ८ जुलै २००९ ला हेर्टाशी सामना खेळून नव्या मैदानाचं दार उघडलं. बांधणाऱ्यांची आठवण म्हणून मैदानाबाहेर बांधकामावरच्या शिरस्त्राणाचं स्मारक आहे. सामन्याआधी तिथं थांबून नातवाला काहीतरी दाखवणारे आजोबा मी अनेकदा पाहिले आहेत.

याच लोकांनी २०११ मध्ये मैदानाचे शेअर विकत घेतले. एक शेअर ५०० युरोंचा. २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी क्लबनं सांगितलं, घरचे सोफे घेऊन या. हिरवळीवर शेकडो सोफे मांडले गेले आणि लोकांनी आपापल्या सोफ्यावर बसून मोठ्या पडद्यावर सामने पाहिले. इथला नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रमही असाच सुरू झाला. २००३ च्या डिसेंबरात संघ हरत होता, सामन्यानंतर लोक खिन्न होऊन घरी जात होते. तेव्हा ८९ पाठीराखे २३ तारखेला रात्री गुपचूप मैदानात शिरले, मेणबत्त्या लावल्या आणि नाताळची गाणी म्हटली. आज त्या रात्री पायऱ्या आणि हिरवळ दोन्ही भरून २८,५०० माणसं जमतात.

मी कोल्हापुरात वाढलो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांच्या नावांमागं पेठा आणि तालमी उभ्या असतात, आणि शाहू स्टेडियमवर कुणाचा सामना आहे हे गल्लीतल्या हालचालीवरून कळतं. त्यामुळं क्योपेनिकची गर्दी मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. फरक आहे तो कायद्याचा, आणि त्याबद्दल आपल्याकडं फारसं बोललं जात नाही.

जर्मन क्लब हे मुळात सदस्यांच्या नोंदणीकृत संस्था आहेत. आपल्या सहकारी संस्थेसारखी दरवर्षी सभा होते, हिशेब वाचले जातात, माणसं उभी राहून प्रश्न विचारतात. उनिओनमध्ये सदस्य पर्यवेक्षक मंडळ निवडतात आणि ते मंडळ अध्यक्ष नेमतं. १९९८ मध्ये व्यावसायिक संघाची कंपनी काढायला परवानगी मिळाली, पण एका अटीवर. त्या कंपनीतली निम्म्याहून एक तरी जास्त मतं मूळ संस्थेकडं, म्हणजे सदस्यांकडं, राहिली पाहिजेत. इथं हा नियम '५० अधिक १' म्हणून ओळखला जातो. त्यामुळं कुठला तेलसम्राट किंवा गुंतवणूक फंड इथं येऊन क्लब खिशात घालू शकत नाही. लेव्हरकुझेन हा औषधकंपनीच्या कामगारांचा आणि वोल्फ्सबुर्ग हा मोटारकंपनीचा क्लब असल्यानं त्यांना जुनी सवलत आहे. लाइपझिगचा प्रश्न वेगळा. एका पेयकंपनीनं २००९ मध्ये हा क्लब उभा केला, आणि तिथं मत असलेले सदस्य मूठभर ठेवले गेले. नियमाचं अक्षर पाळलं गेलं, पण लोकांना ते पटलं नाही. २०१४ मध्ये लाइपझिग इथं खेळायला आला, तेव्हा उनिओनचे लोक काळे प्लास्टिकचे अंगरखे घालून पहिली पंधरा मिनिटं एकही शब्द न बोलता उभे राहिले.

पुढं २०१९ मध्ये श्टुटगार्टला मागं टाकून उनिओन प्रथमच बुंडेसलिगात आला, आणि पहिला सामना आला तो लाइपझिगशीच. १८ ऑगस्ट २०१९. क्लबच्या आयुष्यातली सर्वांत मोठी दुपार. तरीही पहिली पंधरा मिनिटं मैदान गप्प होतं. तत्त्वासाठी लोकांनी स्वतःचा आनंद पाव तास बाजूला ठेवला. त्याच दिवशी पायऱ्यांवर चारशेहून अधिक छायाचित्रं उंच धरली गेली. बुंडेसलिगा बघण्याआधीच वारलेल्या पाठीराख्यांची ती छायाचित्रं होती. कुणाचे वडील, कुणाची आजी, कुणाचा कारखान्यातला सोबती. सामना ०-४ असा हरला. त्या दुपारविषयी बोलताना लोक निकाल शेवटी सांगतात.

लीगचं व्यवस्थापन आणि पाठीराखे यांच्यातली ओढाताण चालूच असते. डिसेंबर २०२३ मध्ये क्लबांनी मतदान करून लीगच्या विपणनात बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचं ठरवलं. पुढचे दोन महिने देशभरातल्या मैदानांवर टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातल्या चॉकलेटच्या नाण्यांचा पाऊस पडत होता. खेळ थांबे, चेंडू वेचले जात, पुन्हा सुरू होई. आमच्या मैदानावरही वोल्फ्सबुर्गविरुद्धचा सामना बराच वेळ अडला होता. थंडीत उभं राहून वाट बघण्याचा कंटाळा आला तरी माझ्या आसपास कुणी तक्रार केली नाही. २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगनं तो व्यवहार सोडून दिला. टेनिसच्या चेंडूंनी सुमारे एक अब्ज युरोंचा प्रस्ताव मागं घ्यायला लावला, हे भारतात राहून मला खरं वाटलं नसतं. लोक संघटित होते आणि त्यांच्या हाती मत होतं, म्हणूनच हे झालं.

मला या मैदानाचं वेड आहे, म्हणून त्याचे दोष लपवणार नाही. १४ डिसेंबर २०२४ ला बोखुमविरुद्ध अगदी शेवटी आमच्या बाजूनं कुणीतरी लायटर फेकला आणि तो त्यांच्या गोलरक्षकाला, पाट्रिक ड्रेव्हेसला, लागला. १-१ असा सुटलेला सामना क्रीडा न्यायालयानं बोखुमला २-० असा दिला. एका माणसाच्या हातानं हजारोंचा एक गुण गेला, आणि माझ्या मते निकाल योग्यच होता. २०२१ मध्ये माक्काबी हाइफा या इस्रायली संघाच्या पाठीराख्यांना ऑलिंपिक मैदानावर काहींनी ज्यूद्वेषी शिव्या दिल्या. क्लबनं लगेच माफी मागितली. बर्लिनमध्ये ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही. गर्दीत उभं राहिलं की माणसातलं चांगलं वर येतं तसं वाईटही येतं, आणि ज्यानं ते पाहिलं त्यानं तिथल्या तिथं बोललं पाहिजे. माझे शेजारी बोलतात. मी त्यांना एका तरुणाला दंड धरून बाजूला नेताना पाहिलं आहे.

दुसरी अडचण यशानं आणली. स्विस प्रशिक्षक उर्स फिशर यांच्या हाताखाली संघ वर वर चढत गेला आणि २०२३ मध्ये बुंडेसलिगात चौथा आला. चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद, नापोली, ब्रागा यांच्याशी सामने पडले. घरचे सामने क्लबनं शहराच्या पश्चिमेच्या ऑलिंपिक मैदानावर नेले. आपल्या चिमुकल्या मैदानात सगळे सदस्य मावणार नव्हते, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली त्यांनाच बाहेर ठेवणं क्लबला मान्य नव्हतं. हा निर्णय मी तेव्हाही योग्य मानला, आजही मानतो. पण खुर्च्यांच्या त्या विशाल वाडग्यात गाणं विरून जायचं. माद्रिदला त्यांच्याच घरी ९० मिनिटं रोखलं, जादा वेळेत गोल खाल्ला. घरच्या तीन सामन्यांत एकही जिंकला नाही. त्याच हंगामात फिशर गेले. त्यांच्यामागून काही काळासाठी आलेल्या प्रशिक्षकांबरोबर मारी-लुइझ एटा बसल्या. बुंडेसलिगाच्या पुरुष संघाच्या बाकावर सहायक प्रशिक्षक म्हणून बसलेल्या त्या पहिल्या बाई.

सदस्य आता साठ हजारांच्या पुढं गेले आहेत आणि जागा बावीस हजार. तिकिटाला सोडत काढतात. मैदान वाढवायच्या योजना कित्येक वर्षं चालू आहेत. रस्ते, वाहतूक, झाडी, पालिकेच्या परवानग्या यांत त्या अडकतात. क्लबनं आखलेल्या आराखड्यात सुमारे चाळीस हजारांची सोय आहे आणि तिच्यातही बहुतेक जागा उभ्याच आहेत. वाढवलं तर ते आपलं राहील का, हा प्रश्न पायऱ्यांवर सतत चालू असतो. जुने लोक घाबरतात, नवे लोक दाराबाहेर उभे असतात. माझा कौल वाढवण्याच्या बाजूनं आहे. ज्याला सदस्य करून घेतलं, त्याला उभं राहायला पाऊलभर जागा देता आली पाहिजे.

बर्लिनला शिकायला किंवा नोकरीला येणारी मराठी मुलं मला विचारतात की सामना कसा बघायचा. पुरुष संघाचं तिकीट सदस्य झाल्याशिवाय मिळणं कठीण आहे. पण उनिओनचा महिला संघ २०२५ मध्ये बुंडेसलिगात चढला आहे आणि तो याच मैदानावर, याच पायऱ्यांसमोर खेळतो. तिथं तिकीट सहज मिळतं. संघ जाहीर होताना प्रत्येक नावामागं तशीच आरोळी होते, गाणंही तेच लागतं. हिवाळ्यात येणार असाल तर जाड तळाचे बूट घाला आणि पुठ्ठा विसरू नका. क्योपेनिक स्टेशनावरून चालतच जा. रिकामी बाटली झाडाशी उभी करून ठेवा.